घरच्या उटण्याला परवाना क्रमांक मिळवताना

नवरात्र बसलं की ओळखीपाळखीतून एक फोन ठरलेला असतो. "घरी केलेलं उटणं विकायचंय, काय काय लागतं गं?" 2024च्या जानेवारीत मलाही हाच प्रश्न पडला होता. तेव्हा नीट उत्तर देणारं कोणी सापडलं नाही. मिळाले ते एजंट. त्यातल्या एकाने "सगळं करून देतो मॅडम" म्हणत चाळीस हजार सांगितले. काय करून देणार, हे मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

उटणं मुळात सासूबाईंचं. नाशिकच्या पंचवटीतल्या वाड्यात राहायचे तेव्हापासून त्या घरापुरतं करत. पुढे आम्ही इंदिरानगरला फ्लॅटमध्ये आलो आणि सोसायटीतल्या बायका पावपाव किलो मागायला लागल्या. 2023च्या दिवाळीत मागणी वाढली. मग कॉलेज रोडवरच्या एका दुकानदार काकांनी पुडी हातात घेतली, वास घेतला, उलटी करून मागची बाजू पाहिली आणि विचारलं, "ताई, लायसन नंबर कुठंय?" आमच्या पुडीवर फक्त "घरगुती उटणे" एवढंच होतं.

नियम सरळ आहे. सौंदर्यप्रसाधन विकायला वेगळा परवाना लागत नाही, पण विक्रीसाठी बनवायला लागतो. 1940च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात अंगाला चोळायच्या, लावायच्या, स्वच्छतेसाठी किंवा रूप खुलवण्यासाठी वापरायच्या वस्तू प्रसाधनात धरल्या आहेत. त्यामुळे उटणं, फेसपॅक, मुखलेप सगळे त्यात आले. तपशील 2020च्या सौंदर्यप्रसाधने नियमांत आहे. "आमचं तर नैसर्गिक आहे" म्हणून सूट मिळत नाही. बचत गटाच्या स्टॉलवर कुणी विचारत नाही, हे खरं. विचारलं तर दाखवायला काही नसतं, हेही तितकंच खरं.

फेब्रुवारीत अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात गेले. तिथे अन्नाचा आणि औषधांचा विभाग वेगळा असतो, प्रसाधनं औषधवाल्यांकडे. मी आधी चुलत नणंदेच्या मसाल्याच्या व्यवसायाची कागदपत्रं नमुना म्हणून नेली होती, ती तिथेच पिशवीत परत गेली. मसाल्याचा अन्न परवाना उटण्याला चालत नाही आणि अन्नप्रक्रियेच्या अनुदान योजनाही लागू होत नाहीत. समोरच्या अधिकारी बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "तुमचं उटणं आयुर्वेदिक औषध आहे की कॉस्मेटिक?"

मला वाटलं, दोन्ही. पण अर्ज एकच करायचा असतो.

याचं उत्तर मिळालं गंगेपलीकडे (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) पंचवटीत, सासूबाईंच्या ओळखीच्या एका वैद्यबाईंकडे. त्यांनी एका कागदावर दोन रकाने काढले. आयुर्वेदिक मार्गाने गेलं तर अर्ज 24-डी, परवाना 25-डी, आणि कारखाना अनुसूची 'टी'च्या निकषांत बसणारा. पाठ ग्रंथात आहे तसाच घेतला तर ते शास्त्रोक्त औषध. स्वतःचं मिश्रण असेल तर घटक ग्रंथोक्त हवेत आणि जो दावा कराल त्याचा आधार द्यावा लागतो. प्रसाधन म्हणून गेलं तर वेगळे अर्ज, वेगळे निकष. मग म्हणाल्या, "तुम्हाला पुडीवर 'वांग (चेहऱ्यावरचे काळपट डाग) जातो' लिहायचंय का? मग पहिला रस्ता. 'अंग स्वच्छ होतं, मऊ वाटतं, वास छान येतो' एवढं पुरे असेल तर दुसरा." सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. लगेच म्हणाल्या, "वांग तर मलाच आहे की. चाळीस वर्षं लावतेय, गेला कुठं?" वैद्यबाई हसल्या आणि आमचा रस्ता ठरला.

त्याच भेटीत वैद्यबाईंनी अष्टांगहृदयातला श्लोक म्हणून दाखवला. उद्वर्तन, म्हणजे अंगाला चूर्ण चोळणं, कफ कमी करतं, मेद विरघळवतं, अंगाला स्थैर्य देतं आणि त्वचा प्रसन्न करतं, असं दिनचर्येच्या अध्यायात आहे. मुखलेपाबद्दल त्याच ग्रंथात सांगितलेली एक गोष्ट मात्र मी तेव्हापासून प्रत्येकीला सांगते: लेप वाळायच्या आत काढायचा, वाळलेला लेप कांती बिघडवतो. आपण नेमकं उलट करतो. चेहरा ताणला जाऊन भेगा पडेपर्यंत मुलतानी माती ठेवतो आणि म्हणतो, किती छान घट्ट वाटतंय. माती तेल शोषते आणि पाणीही. कोरड्या कातडीवर ती वाळवली की खाज येणारच. ओलसर असतानाच ओल्या हाताने सोडवायची.

प्रसाधनाच्या मार्गातही तीन वाटा आहेत. पहिली, स्वतःचं युनिट आणि स्वतःचा परवाना. पावडर, फेसपॅक वगैरेंच्या विभागासाठी प्रसाधनांच्या जुन्या नियमांतल्या अनुसूचीत 15 चौरस मीटर जागा सुचवलेली आहे, म्हणजे साधारण 160 चौरस फूट. शिवाय धूळ ओढणारी सोय असलेला मिक्सर, चाळण्या, दळण्याचं यंत्र, स्टीलची भांडी, भरण्या-सीलबंद करण्याची सोय, एक्झॉस्ट पंखे आणि रसायनशास्त्र किंवा औषधनिर्माणशास्त्राची पात्रता असलेली व्यक्ती. फ्लॅटचं स्वयंपाकघर यात बसत नाही. दुसरी वाट, लोन लायसन. या लोनचा बँकेच्या कर्जाशी संबंध नाही. दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात आपला माल आपल्या परवान्यावर बनवायचा. अर्ज सीओएस-6, परवाना सीओएस-9. (स्वतःच्या युनिटसाठी हेच सीओएस-5 आणि सीओएस-8.) तिसरी वाट, त्या कारखान्याने त्यांच्या परवान्यावर बनवायचं आणि आपण फक्त विकायचं. तिसरी सगळ्यात सोपी आणि स्वस्त. पण मग मिश्रण त्यांच्या कागदावर जातं. सासूबाईंना ते पटेना, म्हणून आम्ही दुसरी घेतली. भावना बाजूला ठेवून हिशेबच पाहायचा असेल तर सुरुवातीला तिसरी घ्या, असं मी आज सांगेन.

मार्च-एप्रिल किरकोळ कागदांत गेले. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधारवर होते आणि पूर्ण मोफत असते. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट पैसे मागतात, पत्ता नीट वाचा. तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असतील तर दुकाने-आस्थापना कायद्याखाली नोंदणी लागत नसे, फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागे; लोक तिला अजून गुमास्ताच म्हणतात. जीएसटीची मर्यादा वस्तूंसाठी वर्षाला 40 लाख उलाढाल आहे, आम्ही तिच्या आसपासही नव्हतो. पण राज्याबाहेर माल पाठवायचा झाला तर ही मर्यादा कामाची नाही. चालू खातं उघडलं. संपलं.

खरं काम मिश्रणाचं होतं. अर्जात घटक टक्केवारीने द्यावे लागतात आणि सासूबाईंची मापं ओंजळ, मूठ, चिमूट अशी. एका रविवारी ओट्यावर वजनकाटा ठेवला. त्या हाताने घ्यायच्या आणि मी त्यांच्या हातातून काट्यावर ओतून घ्यायची. "अगं, असं मोजून कुठं वास येतो का?" असं म्हणत म्हणत त्यांनी सगळं केलं. मसूर डाळीचं पीठ, मुलतानी माती, आंबेहळद, नागरमोथा, वाळा, गव्हला, कचोरा, संत्र्याची साल, गुलाबपाकळी, थोडं चंदन, थोडी बावची. बेरीज शंभर करायला दुपार गेली.

मग एकेक घटक वनस्पतीच्या शास्त्रीय नावाने ओळखायचा. इथे भद्रकालीतल्या काष्ठौषधीच्या दुकानांत माझं चांगलं शिक्षण झालं. कचोरा मागितला तर एकाने एक काप दिले, दुसऱ्याने दुसरेच. कचोरा हळदीच्या कुळातला, करक्युमा झेडोअॅरिया. कपूरकाचरी वेगळी, हेडिकियम स्पायकॅटम, तिचे काप पांढरट आणि कडेला तांबूस साल. दोन्ही सुगंधी, दोन्ही उटण्यात चालतात, पण कागदावर एक लिहून पोत्यात दुसरं चालत नाही. आंबेहळदीच्या नावाखालीही दोन-तीन कंद फिरतात. मी नमुने पिशव्यांत घालून वैद्यबाईंकडे नेले, ओळख पक्की केली आणि मग एकाच दुकानदाराकडे कायमचं खातं ठेवलं. दळलेली पावडर विकत घेऊ नका, अख्खं घ्या. अख्ख्या मुळीत भेसळ डोळ्यांना दिसते.

वैद्यबाईंनी दोन बदल सुचवले. बावची काढा. बावचीत सोरॅलेन नावाची द्रव्यं असतात, ती लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की चट्टे उठू शकतात, काळपटपणा येतो. कोडाच्या उपचारात बावची वापरतात ती याच गुणामुळे, पण तिथे वैद्य मात्रा बघतो. अभ्यंगस्नान करून माणूस देवळात जातो, फिरायला जातो, उन्हात जातो. त्याच्या अंगावर ती कशाला? दुसरं चंदन. अस्सल चंदनाच्या भावाने उटणं विकलं तर ते कोणी घेणार नाही, आणि स्वस्त "चंदन पावडर" म्हणजे बहुतेकदा कुठल्या तरी लाकडाचा भुसा नि वर सुगंध. आम्ही चंदन पूर्ण काढलं आणि वाळा, नागरमोथा वाढवला. सासूबाई आठवडाभर नाराज होत्या. मग नवा घाणा करून त्यांच्या नाकाखाली धरला. "बरा आहे," एवढं म्हणाल्या. त्यांच्याकडून हे पुष्कळ झालं.

संत्र्याची साल ठेवली, प्रमाण कमी केलं. ती एप्रिल-मेच्या नाशिकच्या कोरड्या उन्हात कडकडीत वाळते. पावसाळ्यात वाळवायला जाऊ नका, बुरशी धरते आणि ती नेहमी डोळ्यांना दिसतेच असं नाही.

जूनमध्ये नमुना खासगी प्रयोगशाळेत दिला. जड धातू आणि सूक्ष्मजीव, दोन्ही तपासण्यांचे मिळून साडेपाच हजार आणि वर जीएसटी. धातूंची मला धास्ती होती, कारण मुलतानी माती शेवटी खाणीतली माती. शिसं 20 पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत 20 भाग) आणि आर्सेनिक 2 पीपीएमच्या आत हवं. दोन्ही आत होते. अडलं सूक्ष्मजीवांवर, आकडा जास्त आला. प्रयोगशाळेतल्या मुलीने फोनवर सरळ विचारलं, "मुळ्या किती आहेत यात?" वाळा आणि नागरमोथा जमिनीतून निघतात, तंतूंत माती अडकलेली असते. चाळून ती जात नाही. मुळ्या पाण्याने धुवायच्या, लगेच पसरून वाळवायच्या, मग दळायच्या. तसं केलेल्या नमुन्याचा अहवाल ठीक आला, पण तपासणीचे पैसे पुन्हा गेले. त्यामुळे मुळ्या असतील तर पहिल्यापासूनच धुऊन घ्या.

परवानाधारक युनिट अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मिळालं. मालक सज्जन, पण छोट्या ऑर्डरला कोणीच उत्साही नसतं. एका वेळी किमान 25 किलो, दळणं-मिसळणं-भरणं मिळून किलोला 90 रुपये, कच्चा माल आमचा. ट्रे ड्रायर त्यांच्याकडे होता, त्यामुळे मुळ्यांचा प्रश्न कायमचा मिटला. घरी आम्ही सगळं वस्त्रगाळ करायचो. तिथे 80 मेशची चाळणी, म्हणजे साधारण 180 मायक्रॉनची छिद्रं. अंगाला हे छान वाटतं. चेहऱ्याला याहून बारीक हवं, म्हणून आम्ही पाकिटावर "अंगासाठी" असंच लिहिलं. खरखरीत उटण्याने चेहरा घासून लाल करून घेणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. मुरुम असताना तर घासूच नये.

ऑगस्टमध्ये ऑनलाइन अर्ज भरला. जोडायची कागदपत्रं अशी होती: युनिटचं संमतीपत्र, त्यांच्या परवान्याची प्रत, आमच्यातला करार, घटकांची यादी टक्केवारीसह, तपासणी अहवाल, लेबलचा मसुदा, ओळखपत्र-पत्त्याचे पुरावे. सरकारी शुल्क प्रकार आणि वस्तूंच्या संख्येप्रमाणे बदलतं, भरण्याआधी नियमांच्या अनुसूचीतली रक्कम स्वतः पाहा. पीडीएफचा आकार मोठा असेल तर पोर्टल काहीही न सांगता फाइल टाकून देतं. अपलोड झाल्यावर उघडून बघायची सवय ठेवा.

मग वाट पाहणं. त्या दिवाळीला मिळेल अशी आशा होती, ती गणपतीनंतर मावळली. सप्टेंबरअखेर शंका आल्या: करारात युनिटची उपलब्ध क्षमता लिहिलेली नाही, आणि लेबलवरचे दावे काढा. करार पुन्हा करायचा तर ऑक्टोबर 2024 उजाडला होता, आणि त्याच महिन्यात राज्यात 100 रुपयांच्या मुद्रांकाऐवजी 500चा लागू झाला. 31 ऑक्टोबरला नरक चतुर्दशी झाली. त्या वर्षी आम्ही एकही पुडी विकली नाही, फक्त घरात वापरलं. मागायला आलेल्यांना नाही म्हणणं सासूबाईंना जड गेलं. "दारात आलेल्या बाईला काय सांगू, कागद नाही म्हणून?" मी म्हटलं, "आई, तसंच सांगा." त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण शेजारच्या वहिनींच्या घरी त्या सकाळी आमच्यासारखाच वास येत होता.

लेबलबद्दल सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त अडकायला तिथे होतं. पहिल्या मसुद्यात होतं: "रंग उजळतो, वांग, डाग, मुरुम दूर करते, रक्तशुद्धी करते, कोणताही दुष्परिणाम नाही." भाच्याने कौतुकाने डिझाइन केलं होतं. अधिकारी बाईंनी पेन्सिलने एकेक ओळ खोडली. खोटा किंवा दिशाभूल करणारा दावा प्रसाधनावर करता येत नाही. रोगाचा उल्लेख आला की ती वस्तू औषधाच्या बाजूला सरकते. "दुष्परिणाम नाही" हे तर कोणत्याच वनस्पतीबद्दल म्हणता येत नाही. हळदीची, अगदी गुलाबाचीही अॅलर्जी असलेली माणसं असतात. खोडून उरलं ते असं: त्वचा स्वच्छ करते, तेलकटपणा कमी करते, मऊ स्पर्श व नैसर्गिक सुगंध.

मला आधी वाईट वाटलं. नंतर वाटलं, उटण्याचं काम तर एवढंच आहे आणि ते कमी नाही. तिळाच्या तेलाने अंग रगडल्यावर पीठ आणि माती ते जास्तीचं तेल ओढून घेतात. चोळण्याने मेलेली कातडी सुटते. साबणासारखी ओढ बसत नाही, कारण तेलाचा पातळ थर मागे राहतो. थंडीत फरक जाणवतो तो यामुळे. रोज वापरलं तर मात्र हेच उटणं कोरडं करतं. कोरड्या कातडीला दुधात किंवा सायीत कालवावं, आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे. तेलकट अंगाला नुसतं पाणी किंवा गुलाबपाणी. पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबावं. जखमेवर, पुरळावर, तान्ह्या बाळाला नको. हे सगळं आम्ही पाकिटाच्या मागे छापलं. "वापरण्यापूर्वी" हा मजकूर "फायदे"पेक्षा मोठा झाला. भाचा म्हणाला, "मामी, असं कोण विकतं?"

बाकी लेबलवर लागतं ते: उत्पादनाचं नाव, उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाचा महिना-वर्ष, कधीपर्यंत वापरायचं, घटक उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी फोन आणि ई-मेल. वजन-किमतीचा भाग वैधमापन विभागाचा. 2011च्या आवेष्टित वस्तू नियमांखाली पॅकिंग करणाऱ्याची नोंदणी लागते, आमच्याबाबतीत ती युनिटची होती. सुरुवातीला छापील पाउच करू नका. किमान संख्या मोठी असते, आणि लेबलमध्ये बदल निघाला की सगळा माल रद्दी. साधे पाउच आणि स्टिकर, हजार स्टिकरचे आमचे अठराशे गेले.

परवाना 2025च्या मार्चमध्ये आला. ई-मेलने पीडीएफ आली, मी ती प्रिंट करून सासूबाईंना दाखवली. त्यांनी चष्मा लावून घटकांची यादी वाचली आणि म्हणाल्या, "गव्हला शेवटून दुसरा का गं?" परवाना पाच वर्षांनी नूतनीकरणाला नाही जात, पण मुदतीआधी टिकवण्याचं शुल्क भरावं लागतं. ती तारीख फोनमध्ये टाकून ठेवली आहे.

पहिली बॅच जुलैत काढली. खर्चाचा अंदाज हवा असतो म्हणून देते: तपासण्या, करार, शुल्क, स्टिकर, येणं-जाणं धरून माल बनण्याआधी साधारण तीस हजार. 100 ग्रॅमचं पाकीट आम्हाला 62 रुपयांना पडतं, छापील किंमत 130, दुकानदार त्यात तिसरा हिस्सा घेतो आणि पैसे दिवाळी झाल्यावर देतो. प्रत्येक बॅचची दोन पाकिटं न विकता बाजूला ठेवतो. दर महिन्याला त्यातलं तेच एक उघडून वास आणि रंग पाहतो. बारा महिन्यांची मुदत आम्ही जुन्या घाण्यांच्या अशाच निरीक्षणावरून ठरवली. बॅचची नोंदवही, कोणत्या पोत्यातला कच्चा माल कोणत्या तारखेला गेला ती, युनिटमध्ये ठेवावी लागते. तिची झेरॉक्स आपल्याकडेही असू द्या.

कॉलेज रोडच्या काकांनी सप्टेंबरात पाकीट उलटं करून नंबर वाचला, मान हलवली आणि पन्नास पाकिटं ठेवून घेतली. 20 ऑक्टोबरच्या अभ्यंगस्नानाआधी आणखी मागितली, पण युनिटला तेव्हा दुसऱ्यांच्या ऑर्डर होत्या. दिवाळीचा माल भाद्रपद संपायच्या आत बनवून घ्यायला हवा, हे आता ठरलं आहे.

नावाचा ट्रेडमार्क राहिला होता, तो अर्ज नोव्हेंबरमध्ये केला. वर्ग 3, लघुउद्योगाला किंवा व्यक्तीला ऑनलाइन शुल्क 4,500 रुपये. लघुउद्योग म्हणून अर्ज करताना उद्यम प्रमाणपत्र जोडलं नाही तर 9,000. परीक्षण अहवालात हरकत आली की उत्तराला एक महिना मिळतो, म्हणून अर्जात दिलेला ई-मेल अधूनमधून उघडते आहे. इतरांना सांगायचं तर नाव निवडताना "उटणे", "शाही", "हर्बल" अशा वर्णन करणाऱ्या शब्दांवर अवलंबून राहू नका, हरकत तिथेच येते. सासूबाईंनी सुचवलेलं नाव त्यांच्या माहेरच्या गल्लीचं आहे. मंजूर झालं तर सांगेन.